तिसरा आग्रह

सोरेन बाकेडालनं स्वतःच्या लग्नातसुद्धा पहिल्या झटक्यात 'हो' म्हटलं नव्हतं. पाद्रीबुवांनी विचारलं, "या सिग्नेचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?" तर हा पठ्ठ्या बुटांकडे बघत म्हणाला, "तिची काही अडचण नसेल तर..." पाद्रीबुवाही मिनिसोटाचेच, इथल्या बर्फात मुरलेले. त्यांनी शांतपणे पुन्हा विचारलं. सोरेन म्हणाला, "माझ्यासाठी उगाच कुणाला त्रास नको." चर्चमध्ये कुणी हसलं नाही, कुणाची भुवई वर गेली नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्यानं खणखणीत "हो" म्हटलं आणि पहिल्या बाकावर बसलेल्या त्याच्या आईनं, मार्लिसबाईंनी, रुमाल डोळ्यांना लावला. पोराला वळण चांगलं लागलं होतं.

आमच्याकडची रीतच आहे तशी. कुणी काही देऊ केलं की पहिला नकार सभ्यपणाचा. दुसरा नकार, समोरचा मनापासून म्हणतोय की तोंडदेखलं, हे बघायला. आणि तिसऱ्यांदा विचारलं की "आता तुम्ही एवढं म्हणताय तर" असं पुटपुटत घ्यायचं. पंगतीत जिलबी आली की ताटावर आडवा हात धरायचा, पण बोटांमध्ये जिलबी पडेल एवढी फट ठेवायची, तसलाच प्रकार. आमच्याकडे ही फट फक्त जेवणात नाही, सगळीकडेच ठेवतात. कॉफीत ठेवतात, नोकरीत ठेवतात, आणि वर सांगितलंच, लग्नातही ठेवतात.

सोरेन शाळेत असताना गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळताना आपटला. घरी आला तो एक हात दुसऱ्या हातात धरून. मार्लिसबाई भांडी घासत होत्या.

"दुखतंय का रे?"

"एवढं काही नाही."

"दुखतंय का?"

"चालायचंच."

"सोरेन, दुखतंय का?"

"जरासं."

हे 'जरासं' ऐकल्याबरोबर मार्लिसबाईंनी नळ बंद केला आणि गाडीची किल्ली उचलली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात बघून "हे जरा वेगळंच दिसतंय" एवढंच म्हटलं, कारण तेही आमच्यातलेच. मग एक्स-रे काढला आणि उजेडाच्या पेटीवर लावला. हाड चक्क दोन ठिकाणी मोडलेलं. सोरेन आ वासून बघत राहिला. त्याच्या ओळखीतलं कुणीच जे कधी सरळ सांगत नव्हतं, ते त्या काळ्या फिल्मनं न विचारता, आढेवेढे न घेता सांगून टाकलं होतं. हाताचं दुखणं विसरून पोरगं त्या फिल्मच्या प्रेमात पडलं. ही गोष्ट त्यानं अर्थातच कुणाला सांगितली नाही.

पुढे डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आला तेव्हा रेडिओलॉजीच करायची हे मनात पक्कं होतं. शिवाय त्या विभागात गेल्यावर आणखी एक गंमत त्याच्या लक्षात आली. फिल्म भले सरळ बोलत असेल, पण ती वाचून रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट मात्र पक्के नरो वा कुंजरो वा. 'न्यूमोनियाची शक्यता नाकारता येत नाही, तथापि तो असेलच असेही नाही, लक्षणांशी ताडून पाहावे.' या भाषेवरून बाकीचे डॉक्टर त्यांची यथेच्छ टिंगल करतात. सोरेनला मात्र ती वाचून माहेरी आल्यासारखं वाटलं. आपली आई दिवसभर जे बोलते त्याचा इथे पगार मिळतो, हे त्याला नव्यानंच कळलं.

आता रेसिडेन्सीच्या, म्हणजे हॉस्पिटलात काम करत रेडिओलॉजी शिकायच्या, जागा कशा मिळतात ते सांगायला हवं, नाहीतर घोडं कुठे पेंड खातं ते कळायचं नाही. शेवटच्या वर्षाची पोरं देशभर अर्ज टाकतात. बोलावणं आलं की सूट घालून मुलाखती देत हिंडतात. मग पोरं आपल्या पसंतीची हॉस्पिटलं क्रमानं लिहून देतात, हॉस्पिटलं आपल्या पसंतीची पोरं लिहून देतात, आणि एक कॉम्प्युटर दोन्हीकडचं बघून सोयरिकी जुळवतो. मार्चमधल्या एका शुक्रवारी पाकीट फुटतं. आत ज्या हॉस्पिटलचं नाव निघेल तिथे मुकाट्यानं नांदायला जायचं. आणि यात एक कडक नियम आहे. 'आम्हाला कितव्या नंबरवर टाकणार' असं हॉस्पिटलनं पोराला विचारायचं नाही. पोरानं आपणहून सांगितलं तर सांगू द्यावं, पण विचारायचं नाही म्हणजे नाही. तीनदा विचारल्याशिवाय ज्याचं तोंड उघडत नाही, त्याच्यासाठी असा नियम म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

अर्जासोबत शिफारसपत्र लागतं. सोरेनसाठी ते दिलं डॉ. हार्लन फॉस यांनी. फॉसबुवा आमच्या विद्यापीठातले म्हातारे रेडिओलॉजिस्ट, सोरेनवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. त्यांनी भरल्या अंतःकरणानं लिहिलं, 'सोरेन वाईट नाही. कामात बऱ्यापैकी आहे.' आमच्याकडे एवढी स्तुती माणूस मेल्यावरही होत नाही. मार्लिसबाईंच्या कानावर गेली असती तर त्यांनी पोराची दृष्टच काढली असती. पण राज्याच्या सीमेपलीकडे या वाक्याचा भलताच अर्थ निघाला. एकेका हॉस्पिटलनं अर्ज गुपचूप बाजूला सारला. ॲरिझोनात कसंबसं बोलावलं, तर तिथला डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाला, "एक विचारू? या फॉससाहेबांशी तुमचं भांडण झालं होतं का?"

"तसं काही म्हणता येणार नाही," सोरेन म्हणाला. त्यामुळे तर संशय पक्काच झाला.

बोलावणं आलेल्यांत एकच जागा अशी होती, की जिच्यासाठी सोरेन रात्री कूस बदलत होता. त्याच्याच शहरातलं, तळ्याकाठचं विटांचं हॉस्पिटल. अर्ज चाळणारे तिथले लोक आमचेच. त्यांनी 'वाईट नाही' वाचलं आणि घाईघाईनं बोलावणं धाडलं. सिग्ने त्याच गल्लीतल्या शाळेत पहिलीला शिकवायची. तिला दिवस गेलेले. उन्हाळ्यात बाळ होणार, दोन्हीकडच्या आया दहा मिनिटांच्या अंतरावर. ही जागा मिळाली नाही तर बिऱ्हाड उचलून ॲरिझोनाच्या वाळवंटात जावं लागणार, जिथे तळं गोठत नाही आणि ओळखीचं कुत्रं नाही. सिग्ने तशी सोरेनपेक्षा बरी, ती दुसऱ्यांदाच 'हो' म्हणायची. तिला त्यानं विचारलं, "ॲरिझोनाला जावं लागलं तर?"

"जाऊ की," ती म्हणाली. "चालेल."

आमच्याकडे बायको 'चालेल' म्हणाली की शहाण्या माणसानं हातातलं काम खाली ठेवावं. सोरेन शहाणा होता. त्यानं हातातला पेला खाली ठेवला.

मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. दुपारी सगळ्या उमेदवारांना तिथल्या रेसिडेंट पोरांबरोबर जेवायला बसवलं. बटाट्याच्या गोळ्यांची हॉटडिश, म्हणजे सगळं एकत्र करून भट्टीत भाजलेला आमच्याकडचा पदार्थ, होती आणि शेवटी लिंबाच्या वड्यांचं ताट फिरलं. फिरता फिरता ताटात एकच वडी उरली. शेवटची वडी आमच्याकडे कुणी उचलत नाही. एकानं ती सुरीनं अर्धी केली आणि अर्धी घेतली. दुसऱ्यानं उरलेल्या अर्ध्याची अर्धी केली. सोरेननं उरलेल्या पाव वडीचीही पुन्हा अर्धी केली आणि नखाएवढा तुकडा ताटात भक्तिभावानं ठेवून दिला. सगळे त्या तुकड्याभोवती गप्पा मारत बसले, पण नजर कुणाचीच हलेना.

तेवढ्यात दार उघडून एक ठेंगण्या, काळ्याभोर केसांच्या बाई आत आल्या. "बापरे, वड्या!" म्हणाल्या आणि तो तुकडा उचलून तोंडात टाकून गेल्यासुद्धा. खोलीत शोककळा पसरली.

"या कोण?" सोरेननं शेजारच्या रेसिडेंटला हळूच विचारलं.

"डॉ. स्कालिझी. आमच्या मुख्य. भरती त्यांच्याच हातात." मग आजूबाजूला बघून तो पुटपुटला, "न्यू जर्सीच्या आहेत." एखाद्याच्या घरातलं आजारपण सांगावं तसं सांगितलं त्यानं.

सोरेनची पाळी आली तेव्हा स्कालिझीबाईंनी उभ्याउभ्याच पहिला प्रश्न फेकला, "रेडिओलॉजीच का?"

आता हाच क्षण होता तळ्यावरचा मोडका हात, उजेडाची पेटी, सगळं सांगायचा. सोरेनच्या ओठांपर्यंत आलंही. पण बाहेर पडलं ते एवढंच, "म्हणजे... बरी वाटते."

"बरी?"

"बऱ्यापैकी बरी."

बाईंनी एक सुस्कारा सोडून मनगटाचा एक्स-रे समोरच्या पडद्यावर लावला. "काय दिसतं?"

"इथे जरा वेगळं वाटतंय."

"मोडलंय की नाही?"

"मोडलेलं नाही, असं काही म्हणवत नाही." सोरेन थोडा पुढे झुकला. "आणि त्याच्या शेजारच्या बारक्या हाडाबद्दलही मला तेवढंच म्हणावंसं वाटतं."

बाईंनी चमकून पडद्याकडे बघितलं. ते दुसरं मोडलेलं हाड सकाळपासून एकाही उमेदवाराला दिसलं नव्हतं. त्या मोठ्यानं हसल्या. "अहो, तुम्ही तर अगदी हाडाचे रेडिओलॉजिस्ट आहात! बसा, बसा. कॉफी घेणार?"

"नको नको, कशाला उगाच."

"बरं," म्हणून बाईंनी स्वतःचा कप भरला. सोरेन पहाटेपासून कॉफीवाचून होता. त्या कपातून निघणाऱ्या वाफेकडे तो केविलवाणा बघत राहिला.

"जानेवारीत आम्ही काही जणांना परत बोलावतो. एक अख्खी सकाळ माझ्याशेजारी बसून स्कॅन बघायचे. याल?"

"छे छे, माझ्यासाठी एवढा खटाटोप नको."

"बरं." बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं कमी झालं. "असं बघा, तुम्ही मला आवडलात. इथे राहून काम करायला आवडेल का तुम्हाला?"

दार सताड उघडं होतं. आत जायचं तेवढं बाकी होतं. पण वळण ते वळण. सोरेन म्हणाला, "तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगले पुष्कळ असतील."

"आहेत," स्कालिझीबाई म्हणाल्या.

सोरेन वाट बघत बसला. आता दुसऱ्यांदा विचारतील, मग तिसऱ्यांदा, आणि मग आपण काय बोलायचं हेही त्यानं जुळवून ठेवलं. मनातल्या मनात मांडे खाणं याहून वेगळं काय असतं! बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "तुम्हाला मला काही विचारायचंय?"

"नाही, तुमचा वेळ कशाला घेऊ."

"बरं तर. आभारी आहे."

सोरेन उठला. आमच्याकडे उठणं म्हणजे निघणं नव्हे. उठायचं, "बरं तर मग" म्हणायचं, कोटात एक हात घालायचा आणि दारात थांबून हवेबद्दल बोलायचं, मग रस्त्याबद्दल, मग पुन्हा "बरं तर मग" म्हणून दुसरा हात घालायचा. सोरेननं बर्फाचं सांगितलं, उत्तरेकडच्या रस्त्याचं सांगितलं, आणि तिसऱ्या 'बरं तर मग'पर्यंत पोचतो न पोचतो तोच स्कालिझीबाईंनी पुढे होऊन स्वतःच्या हातानं दार उघडून धरलं. आमच्याकडे पाहुण्यासाठी यजमान दार उघडून धरतो ते फक्त पोलीस बोलावायच्या आधी.

गाडीत येऊन बसल्यावर त्यानं सिग्नेला फोन लावला.

"कशी झाली?"

"वाईट नाही."

"सोरेन, कशी झाली?"

"ठीक म्हणायची."

"सोरेन."

"घोटाळा झाला गं," तो म्हणाला आणि मग कॉफीपासून दारापर्यंत सगळं सांगितलं. "तिनं दुसऱ्यांदा विचारलंच नाही! एकदा विचारलं आणि सोडून दिलं!"

"कुठली आहे ती?"

"न्यू जर्सी."

"अरे देवा. सोरेन, तिकडे एकदाच विचारतात. तेही ओरडून." मग ती पुढे म्हणाली, "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. आणि लपवायचं ते कुणापुढे, तर जिला आपल्याकडे ताक मागतात कसं हेच ठाऊक नाही तिच्यापुढे! असू दे. जाऊ की ॲरिझोनाला. चालेल."

आणि तिनं फोन ठेवला. निरोपाची नेहमीची अर्ध्या तासाची बडबड न करता ठेवला. यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर सोरेनला हलकं वाटलं असतं. त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, हे कळायला त्याला अख्खं शिक्षण आणि एक मुलाखत लागली होती.

किती वेळ तो तसा बसला होता कोण जाणे. डोकं वर केलं तेव्हा अंधारून आलं होतं आणि समोरच्या रांगेत एक लाल गाडी बर्फात रुतून नुसती घरघरत होती. चाकं जागच्या जागी फिरत होती. आत स्कालिझीबाई, आणि ओठांच्या हालचालीवरून त्या प्रार्थना करत नव्हत्या हे स्पष्ट दिसत होतं. रुतलेली गाडी बघून पुढे जाणारा माणूस आमच्या राज्यात अजून जन्मला नाही. सोरेन मुलाखतीच्या सुटातच उतरला.

"ढकलू का, मॅडम?"

"नको!"

"एक जरासा धक्का देतो."

"नको म्हटलं ना!"

"मागून फक्त—"

काच खाली आली. "ए बाबा! तुम्हा लोकांना 'नको' हा शब्द कळत नाही का? नको म्हणजे नको!"

सोरेन जागीच थिजला. रागाला घाबरून नव्हे, नवलानं. "नको म्हणजे... पहिल्याच वेळेला नको?"

"मग दुसरं काय असतं?"

"आमच्याकडे पहिले दोन 'नको' नुसतेच असतात."

"नुसतेच असतात?"

"म्हणायचे म्हणून. तिसऱ्यांदा नको म्हटलं तर नको."

बाईंनी इंजिन बंद केलं आणि त्या खाली उतरल्या. बूट घोट्यापर्यंत बर्फात गेले तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "थांब. थांब जरा. मघाशी मी तुला कॉफी विचारली." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. "तुला हवी होती?"

सोरेननं बुटांकडे बघितलं. "जीव चालला होता."

"मग सांगायचं ना, माणसा!"

"एकदाच विचारलंत तुम्ही."

स्कालिझीबाई गाडीला पाठ टेकून हसायला लागल्या. हसता हसता त्यांचा आवाज चिरकला. "सात वर्षं झाली मला इथे. आल्या आल्या शेजारच्या व्हर्नाला मी घरी जेवायला बोलावलं. माझ्या आईच्या पद्धतीची लझान्या केली होती, परातभर. ती म्हणाली, नको, तुम्हाला कशाला त्रास. मी म्हटलं, बरं. समोरच्या म्हाताऱ्याला बोलावलं, तोही नको म्हणाला. इथल्या एकेका डॉक्टरला बोलावलं. सगळे नको, नको, नको. ती परात मी एकटीनं आठवडाभर खाल्ली. मला वाटलं, या अख्ख्या राज्यात मी एकाही माणसाला आवडत नाही."

आता त्या हसत नव्हत्या. उणे वीसच्या थंडीत गालावर आलेलं पाणी त्या हातमोज्यानं पुसत होत्या. सोरेनला फार वाईट वाटलं. व्हर्नाबाईही त्या दिवशी खिडकीशी बसून दुसऱ्या बोलावण्याची वाट बघत राहिल्या असतील, हे त्याला डोळ्यांपुढे दिसलं. सात वर्षं दोन बायका भिंतीच्या दोन बाजूंना उपाशी.

"आणि मग तुला तो शेवटचा प्रश्न विचारला, इथे आवडेल का, तेव्हाही तू—" बाई एकदम थांबल्या आणि त्यांनी हातमोजा तोंडावर धरला. "नाही. आता मी काही विचारू शकत नाही. मुलाखत संपली. आता विचारलं तर शब्द मागितल्यासारखं होईल, आणि तो नियम मी मोडणार नाही. तिसऱ्यांदा सोड, एकदाही विचारणार नाही."

त्या गाडीत जाऊन बसल्या आणि त्यांनी इंजिन सुरू केलं. "ढकल आता. तीन नको झाले माझे, पण ढकल."

सोरेन मागे गेला. त्यानं दोन्ही हात डिकीला लावले, मान खाली घातली आणि जोर लावला. न विचारता सांगायचं. आजवर बाकेडाल घराण्यात हे पाप कुणी केलं नव्हतं. भर चौकात कपडे काढायला सांगितले असते तर ते त्याला सोपं गेलं असतं. पण डोळ्यांपुढे सिग्नेचं 'चालेल' उभं होतं. आणि निदान इथे, गाडीच्या मागे, कुणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं.

"मला इथे यायचंय," तो डिकीला म्हणाला.

"काय?" पुढून आवाज आला. "ऐकू येत नाही!"

"मला इथे यायचंय!"

"इंजिनाचा आवाज आहे! मोठ्यानं बोल!"

सोरेनच्या आत कुठेतरी बूच उडालं. "मला इथेच यायचंय!" तो ओरडला. "तुम्हालाच पहिल्या नंबरवर टाकणार! लहानपणी माझा हात मोडला होता, आणि आमच्याकडे कुणी पोटातलं ओठावर आणत नाही, म्हणून मला एक्स-रे आवडतो! बरा नाही, जाम आवडतो! आणि मला बाळ होणार आहे!"

अख्ख्या वाहनतळाला ऐकू गेलं. ड्यूटी संपवून निघालेल्या दोन नर्सबाईंनी अदबीनं माना दुसरीकडे वळवल्या, एखाद्याचं धोतर सुटल्यावर वळवतात तशा. गाडीनं गचका खाल्ला, चाकांनी एक घमेलंभर बर्फ सोरेनच्या सुटावर उडवला आणि गाडी सुटून पुढे गेली.

बाईंना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, हे त्यांनी पुढे कबूल केलं. पण तेव्हा त्या गंभीर चेहऱ्यानं गाडी मागे घेऊन त्याच्याजवळ थांबल्या. "तू आत्ता जे बोललास त्यावर मी काहीही उत्तर देऊ शकत नाही. हो नाही, नाही नाही, काहीच नाही. कळलं?"

"कळलं, मॅडम."

"मग आता नीट ऐक. कॉफी? कॉफी? कॉफी?"

सोरेननं पापण्यांवरचा बर्फ झटकला. "आता तुम्ही एवढं म्हणताय तर."

त्यानंतरचे तीन महिने कसे गेले ते सिग्नेला विचारा. बाईंनी शब्द दिला नव्हता, आणि द्यायचा नव्हताच. हाडं बघणारी आणखी पोरं त्यांच्याकडे होती, 'आहेत' असं त्यांनी तोंडावर सांगितलंच होतं. सिग्नेनं ॲरिझोनातल्या शाळांची चौकशी सुरू केली. मार्लिसबाई न बोलता रोज काहीतरी भाजून आणून ठेवत होत्या, आणि काळजी जितकी जास्त तितकी वडीत साखर जास्त, अशी त्यांची पद्धत असल्यामुळे मार्चपर्यंत त्या वड्या तोंडात धरवेनाशा झाल्या.

शुक्रवार उजाडला. विद्यापीठाच्या हॉलमध्ये पोरं आपापली पाकिटं घेऊन घोळक्यानं उभी. कुणी किंचाळत होतं, कुणी रडत होतं. सोरेननं पाकीट सिग्नेच्या हातात दिलं, तिनं ते मार्लिसबाईंना दिलं, मार्लिसबाईंनी परत सोरेनला दिलं. असं ते तीन वेळा फिरल्यावर सिग्नेनंच फोडलं. आत तळ्याकाठच्या हॉस्पिटलचं नाव होतं.

सिग्ने खुर्चीवर बसली आणि पोटावर हात ठेवून ढसाढसा रडली. मार्लिसबाई म्हणाल्या, "वाईट नाही," आणि त्यांनी पर्समधला रुमाल शोधायला घेतला.

तेवढ्यात सोरेनचा फोन वाजला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मार्लिसबाईंनाही ऐकू येत होता. "बाकेडाल! स्कालिझी बोलतेय. आता मला विचारायला मोकळीक आहे. येणार का आमच्याकडे?"

"हो," सोरेन म्हणाला.

"अरे, मी पुढच्या दोन वेळांसाठी दम भरून ठेवला होता!"

"सोरेन!" मार्लिसबाईंनी त्याचं कोपर धरून ओढलं. त्यांचा चेहरा पडला होता. "पहिल्याच वेळेला? लोक काय म्हणतील? घरी काही शिकवलं नाही म्हणतील!"

"आणि अजून एक," स्कालिझीबाईंचा आवाज जरा खाली आला. "काल मी व्हर्नाला जेवायला बोलावलं. तीनदा विचारलं. आली. दोनदा वाढून घेतलं तिनं, म्हणजे सहादा विचारावं लागलं, पण घेतलं. मग 'बरं तर मग' म्हणाली, कोट घातला आणि दारातच उभी राहिली. तास झाला तरी जाईना. हवेबद्दल बोलत होती. मला कळेचना, हिला घालवायचं कसं."

"मग तुम्ही काय केलंत?" सोरेननं धास्तावून विचारलं. "दार उघडून धरलं नाहीत ना?"

"नाही धरलं. धरणार होते, पण तुझी आठवण झाली. तिला झालं काय होतं एवढं सांग."

"काही नाही, मॅडम," सोरेन म्हणाला. "तिला तुम्ही आवडलात."

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हे सरळ सांगायला काय होतं रे तुम्हाला?" स्कालिझीबाई म्हणाल्या.